पाडायचं बटन

रग्बी आमच्या घरात आली ती मस्कतहून, मामाच्या बॅगेतून, दोन चादरी आणि आईसाठी आणलेल्या साडीच्या खाली दाबून. त्याआधी नेकनूरमध्ये हा शब्द कुणी ऐकला असेल असं मला वाटत नाही. मामा तिकडं ट्रक चालवायचा. सुट्टीवर निघताना त्यानं एका दुकानात शिरून सांगितलं होतं म्हणे, की माझा भाचा खेळाडू आहे, सध्या घरात पडून आहे, त्याच्यासाठी काहीतरी दे. दुकानदारानं एक काळा डबा, दोन रिमोट आणि एक कॅसेट बांधून दिली. कॅसेटवरच्या चित्रात पैलवानी मांड्यांची माणसं एका अंड्यासारख्या चेंडूसाठी एकमेकांच्या अंगावर पडलेली होती. ते बघून मामानं मनाशी ठरवून टाकलं की ही कबड्डीच असणार, फक्त साहेबांची.

भाचा म्हणजे माझा थोरला भाऊ गुरुलिंग. घरात तो दादा, गावात गुरू. तेव्हा तो विसाव्या वर्षात होता आणि आमच्या भागात त्याच्यासारखी चढाई कुणाची नव्हती. समोरच्या सात जणांत शिरायचा, एकाला हात लावायचा आणि कुणाला कळायच्या आत मधली रेघ ओलांडून परत. त्या वर्षी तो पोलीस भरतीचा फॉर्म भरणार होता, खेळाडूंच्या जागेवर. संक्रांतीनंतर एका संध्याकाळी शाळेमागच्या मैदानावर सराव चालू असताना रफिकनं त्याचा घोटा धरला आणि दादाचा गुडघा गेला. रफिक हा मोटार वाइंडिंगचं दुकान असलेल्या करीमचाचांचा मुलगा, पहिलीपासून दादाच्या शेजारी बसलेला. जीपमधून बीडला नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, गुडघ्याच्या आतले बंध तुटलेत. चालशील, पण खेळायचं आता विसर. दवाखान्याच्या व्हरांड्यात दहा माणसांदेखत अण्णा, म्हणजे आमचे वडील, करीमचाचांना म्हणाले, "तुमच्या पोरानं माझ्या पोराचा पाय खाल्ला."  चाचा जिना उतरले आणि उन्हातून बसस्टँडकडे चालत गेले. गावात ते वाक्य आमच्याआधी पोचलं. तेव्हापासून अण्णा आणि चाचा एकमेकांशी बोलले नव्हते, रफिक आमच्याकडं आला नव्हता, आणि मैदानावरही तो कुणाला दिसला नव्हता.

माझी दहावीची परीक्षा झाली होती आणि सुट्टी लागली होती. त्या उन्हाळ्याचं घर मला आवाजांनीच आठवतं. सकाळी अण्णांच्या पूजेची घंटी, मग ते दुकानाला निघताना कडी लावल्याचा आवाज. मग अंगणात आई मोठ्या पातेल्यात कुरडयांचा चीक हाटायला लागली की लाकडी दांड्याचा घट्ट, ओला आवाज. गरम चीक वाटीत घेऊन त्यावर दूध-साखर घालून आम्ही खायचो. दादा दोन घास खाऊन वाटी सरकवून द्यायचा. प्लास्टर निघालं होतं, काठी टेकवत त्यानं चालावं असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण तो न्हाणीपलीकडं जात नसे. भिंतीकडं तोंड करून बाजेवर पडलेला असे. आईनं नारायणगडाला नारळ बोलला होता. अण्णा जेवायला आले की त्याच्याकडं एकदा बघायचे आणि ताट ओढून घ्यायचे.

डबा टीव्हीला जोडला तेव्हा दादानं मान तरी वळवली. आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. एक संघ पांढरा दिसायचा, दुसरा राखाडी, आणि व्होल्टेज उतरलं की दोन्ही राखाडी. पहिले तीन दिवस आम्हाला काही म्हणता काही कळलं नाही. चेंडू फेकायचं बटन दाबलं की चेंडू मागं जायचा. पुढं सगळं मैदान मोकळं, आणि चेंडू मागं. दादा वैतागला. "रिमोट उलटा जोडलाय त्या मस्कतवाल्यानं," म्हणाला. मी दुसऱ्या संघाकडं बघत होते, जो डबा स्वतः खेळायचा. म्हटलं, "दादा, मशीन बी मागंच फेकायलंय." तो उठून बसला. दोघांनी मिळून दहा मिनिटं नुसतं मशीनला खेळू दिलं. खरंच, एकदाही चेंडू पुढं फेकला जात नव्हता. पुढं न्यायचा असेल तर हातात धरून पळायचं, फेकायचा तर मागच्याला. "म्हंजे पुढचं सगळं ज्यानं धरलाय त्यानंच करायचं," दादा म्हणाला. त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा पूर्ण भाकरी खाल्ली.

दुसरा घोळ शेवटच्या रेघेचा. दादाचा माणूस सगळ्यांना चुकवून रेघेच्या पलीकडं गेला की आम्ही ओरडायचो, आणि तो माणूस तसाच पळत मैदानाबाहेर निघून जायचा. शिट्टी. गुण शून्य. असं पाच-सहा वेळा झालं. मग एकदा माझ्या हातून चुकून बटन दाबलं गेलं, माणूस चेंडू पोटाशी घेऊन जमिनीवर आडवा झाला आणि डब्यातून कुणीतरी ओरडलं, "ट्राय!" चेंडू नुसता नेऊन भागत नव्हतं, तो जमिनीला टेकवायचा होता. आई दारातून म्हणाली, "काय म्हणतंय ते?"

"ट्राय म्हणतंय."

"म्हंजे?"

"प्रयत्न कर."

"एवढं नेऊन ठेवलं तरी प्रयत्नच कर व्हय? लई कडक मास्तर हाय."

दादा हसला. तीन महिन्यांत पहिल्यांदा. आई लगेच आत गेली, कारण तिला डोळे पुसायचे होते.

चेंडू टेकवला की एक लाथ मारायला मिळायची. इंग्रजी एच अक्षरासारखे दोन खांब, आणि खाली डावीउजवीकडं झुलणारा एक बाण. बाण मधोमध आला की बटन दाबायचं. मला आणि दादाला ते जमेना, आईला जमलं. तांदूळ निवडता निवडता ती ताट मांडीवर ठेवायची, रिमोट घ्यायची, एकदा दाबायची आणि चेंडू खांबांमधून जायचा. मग काही न बोलता परत तांदूळ. मधेच दोन्हीकडचे आठ-आठ गडी वाकून एकमेकांत डोकी घालायचे. जो जास्त जोरात बटन बडवेल त्याचा घोळका पुढं सरकायचा. त्याला आम्ही टक्कर म्हणायचो. आणि एक होतं लाल बटन. समोरचा चेंडू घेऊन आला की ते दाबायचं, मग आपला माणूस झेप घेऊन त्याला आडवा करायचा. लवकर दाबलं तर आपलाच माणूस तोंडावर पडायचा, उशीर केला तर चेंडूवाला गेलेला असायचा. त्याला दादानं नाव दिलं होतं पाडायचं बटन.

हळूहळू दादाला खेळातलं खोटं दिसायला लागलं. माझ्या उरलेल्या वहीच्या एका पानावर तो खरं आणि दुसऱ्यावर खोटं लिहायचा. माणूस दमत नाही, हे खोटं. शेवटी शेवटी पळण्याचा वेग उतरतो, हे खरं, पण फार थोडा उतरतो. खालच्या कोपऱ्यातला गडी एकदा सुटला की मशीनला सापडतच नाही, हे साफ खोटं. "अन् पकड बघ," तो मला म्हणायचा, "छातीला मारायलेत. जोरात पळणारा माणूस छातीला धरून पडतंय व्हय? पायाला धरावं लागतंय." मग थोडं थांबून, "अन् पडला की लगेच उठून पळायलाय बघ. धाप न्हाई, लंगडणं न्हाई. कावून एवढं खोटं केलं असंल?" मी म्हटलं, "सारखं पडून राहिले तर खेळ कसा व्हायचा?" त्यानं ते लिहिलं नाही.

अलीकडं दादाच्या मुलानं आम्हा दोघांना मोठ्या टीव्हीवर असाच एक नवा खेळ दाखवला. आता गड्यांच्या अंगावर चिखल दिसतो, घाम दिसतो, एखादा लंगडत बाहेर जातो आणि त्याच्या जागी दुसरा येतो. दादानं चष्मा सारखा करून पंधरा मिनिटं ते पाहिलं. मग म्हणाला, "लई खरं केलंय. एकच राहिलं. ज्यानं पाडलं त्याच्याकडं कुणी बघत न्हाई." पोरगा म्हणाला, म्हणजे काय बाबा? दादानं चष्मा काढून पुसला. मी हे प्रकरण लिहायला घेतलं त्याला तेच वाक्य कारण झालं.

तर वैशाखात एका दुपारी लाइट गेली आणि परत आली ती भलत्याच दाबानं. डब्याचा अडॅप्टर जळाला. वास घरभर. दादानं पुन्हा भिंतीकडं तोंड केलं, आणि रात्री जेवला नाही. दुसऱ्या दिवशी अण्णा दुकानाला गेल्यावर आईनं जळका अडॅप्टर माझ्या हातात दिला. "करीमभाईकडं जा. म्हणाव, आईनं पाठवलंय. अण्णाचं नाव काढू नको." चाचांनी तो नाकाशी धरला, "जल गया," म्हणाले, आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "गुरू चलता क्या थोडा?" मी नाही म्हटलं. त्यांनी अडॅप्टर गादीखाली सारला.

तिसऱ्या दिवशी दुपारी दुरुस्त केलेला अडॅप्टर घेऊन रफिक आला. दारातच उभा राहिला. तो आधीपेक्षा वाळला होता आणि त्यानं दाढी वाढवली होती. दादानं त्याच्याकडं पाहिलं, मग छताकडं पाहिलं, मग म्हणाला, "आत ये. दारात उभं राहून लागणार हाय का ते?" रफिकनं चपला काढल्या. वायर जोडली, डबा चालू झाला, आणि चालतो का बघायचं म्हणून दुसरा रिमोट त्यानं हातात घेतला. लाइट जाईपर्यंत तो तिथंच होता. दोघं खेळाबद्दल सोडून एक शब्द बोलले नाहीत. "मागं फेक बे." "टेकव, टेकव." एवढंच.

मग तो रोज यायला लागला. दुपारी एकला लाइट यायची, चारला जायची. तेवढा वेळ रफिक आमचा. आई धपाटे करायची, वर दही आणि कांद्याची चटणी, आणि दोघांना एकाच ताटात द्यायची, पूर्वी द्यायची तसं. एक दिवस अण्णा अवेळी घरी आले. टीव्हीसमोर रफिक, आणि दादा मोठ्यानं हसत होता. अण्णा उंबऱ्यावर थांबले, पाय धुतले आणि आतल्या खोलीत जाऊन जेवले.  दादा आता काठी घेऊन अंगणातल्या लिंबापर्यंत जायला लागला होता. त्यांनी ते पाहिलं असावं.

दादा रोज जिंकायचा. थोडाथोडका नाही, तीस-तीस गुणांनी. रफिकला शिकायला वेळ लागतोय असं मलाही वाटायचं. एकदा दादा न्हाणीत होता, रफिक थांबला होता, म्हणून मी म्हटलं, माझ्यासंगं खेळा. मी बऱ्यापैकी खेळायचे. त्यानं मला चेंडू घेऊन चार पावलं टाकू दिली नाहीत. जिथून जाईन तिथं त्याचा माणूस झेप घेऊन मला आडवा करायचा. एकही पकड चुकली नाही. मी एक गुणही न करता हरले. दुसऱ्या दिवशी दादाबरोबर तो खेळत असताना मी टीव्हीकडं बघितलंच नाही, त्याच्या हाताकडं बघत बसले. दादाचा माणूस चेंडू घेऊन आला की त्याचा अंगठा बाकीच्या सगळ्या बटनांवरून फिरायचा आणि लाल बटनाच्या अलीकडं थांबायचा.

तो पाणी प्यायला रांजणापाशी आला तेव्हा मी म्हटलं, "तुमी दादाला पाडत न्हाईत."

"पाडतो की. चुकतंय माझं."

"माझ्यासंगं न्हाई चुकलं."

त्यानं पाणी संपवलं, तांब्या पालथा घातला. "मंगल, दाबायला जातो अन् त्याचा पाय दिसतोय समोर. अंगठा पुढं जातच न्हाई." मग हळू म्हणाला, "त्याला सांगू नको. चार दिवस झाले हसायलाय."

मी आठ दिवस ते पोटात ठेवलं. नवव्या दिवशी सकाळी लाइट होती, दादा आणि मी खेळलो, आणि मी त्याला हरवलं. नशिबानं नाही, मी त्याला नीट वेळ साधून पाडत होते. तो चिडला. मीही चिडकीच होते. तो म्हणाला, "तुझा दिवस लागला म्हणून. रफिकसारखा गडी आजवर एकदा तरी जिंकलाय का माझ्याशी?"

"तो तुला पाडतच न्हाई!" मी ओरडले. "माझ्यासंगं खेळला तवा सगळ्या पकडी बरोबर बसल्या. त्याला तुझी कीव येतीय म्हणून हरायलाय तो."

कीव हा शब्द रफिकचा नव्हता. तो मी घातला. इतकी वर्षं झाली, तरी त्या खोलीतलं आणखी काही विसरले तरी तो शब्द मला विसरता येत नाही. दादानं रिमोट खाली ठेवला. मला वाटलं मला मारेल. त्यानं मारलं नाही. दुपारपर्यंत तो बाजेवर बसून होता, आणि एक वाजेपर्यंत मी आईच्या मागं मागं फिरत होते.

रफिक आला. दादानं त्याला रिमोट दिला. खेळ सुरू झाला, चेंडू दादाकडं आला, आणि दादानं आपला माणूस मैदानाच्या मधोमध उभा केला. पळेना, फेकेना. रफिकचा माणूस समोर येऊन थांबला.

"पाड मला," दादा म्हणाला.

रफिकनं एकदा माझ्याकडं पाहिलं. मी खाली बघितलं.

"पाड म्हणलं ना बे."

"पळ की तू."

"न्हाई पळत. उभा हाय. पाड."

टीव्हीत प्रेक्षकांचा आवाज म्हणून एक खरखर चालू होती. वरच्या कोपऱ्यात वेळेचे आकडे पळत होते. आई पिठाच्या हातानं दारात येऊन उभी राहिली. रफिकनं रिमोट मांडीवर ठेवला. "मला न्हाई जमत, गुरू."

"मंगलला पाडतोस. मला कावून न्हाई? कीव करायलास माझी?"

"कीव न्हाई बे." रफिक म्हणाला. "लोकं म्हणतेत आवाज आला. मला आवाज न्हाई आला. माझ्या हाताला लागलं ते. धरलेल्या घोट्यातनं वर काहीतरी तुटलं, ते माझ्या हाताला कळलं. अजून कळतंय. जेवताना कळतंय."

 दादानं उठून टीव्ही बंद केला. काठी न घेता, भिंतीला धरून. परत येऊन बसला आणि म्हणाला, "तुझी पकड बरोबर व्हती."

रफिकनं मान वर केली.

"घोट्याला धरलंस. जिथं धरायचं तिथंच. मी पडायला पाहिजे व्हतो. पकड बसली की आडवं व्हायचं, हात लांबवायचा, रेघ शिवली तर शिवली. पहिल्या वर्षी हेच शिकवलंय आपल्याला. पण त्या दिवशी बीडहून निवडीचे सर बघायला आलते. मला त्यांच्यापुढं पडायचं नव्हतं. पाय तुझ्या हातात असताना मी अंग फिरवलं. गुडघा मीच मोडलाय, रफिक." त्यानं टीव्हीकडं हात केला. "महिनाभर ह्या डब्यातली माणसं पडताना बघायलो. एक बी पडायला नको म्हणत न्हाई."

"मग चार महिने..." रफिक थांबला.

"अण्णा दवाखान्यात चाचांना बोलले ते मी आतून ऐकलं. तवाच सांगायला पाहिजे व्हतं. न्हाई सांगितलं. तुझ्यावर गेलं ते बरं वाटलं मला."

मला वाटलं होतं, आता रफिक त्याच्या गळ्यात पडेल. तो उठला.  "अब्बा चार महिने खाली मान घालून फिरायलेत," तो म्हणाला. "मला मैदानावर जाऊ देईनात. अन् तुला बरं वाटलं." आणि तो भर दुपारी, तापलेल्या मातीवर, अनवाणी निघून गेला.

त्याच्या चपला दाराशी तशाच होत्या. दादा त्यांच्याकडं बघत होता. मग त्यानं काठी घेतली, वाकून चपला उचलल्या आणि मला म्हणाला, "चल." आई म्हणाली, "ऊन उतरू दे की." तो थांबला नाही. चार महिन्यांत अंगणाबाहेर न पडलेला माझा भाऊ एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात दोस्ताच्या चपला घेऊन बाजाराच्या रस्त्याला लागला. दहा मिनिटांची वाट, आम्हाला अर्धा तास लागला. दोनदा तो थांबला, दोनदा मी खांदा पुढं केला, त्यानं घेतला नाही. दुकानांतून लोक बाहेर येऊन बघत होते.

करीमचाचांच्या दुकानात व्हार्निशचा वास कोंडलेला असे. चाचा हातानं मशीन फिरवत तांब्याची तार गुंडाळत होते आणि ओठांतल्या ओठांत वेढे मोजत होते. रफिक आत पाठमोरा बसला होता. दादानं चपला खाली ठेवल्या. चाचा म्हणाले, "बैठ."

"उभ्यानंच सांगतो, चाचा." आणि त्यानं घरी सांगितलं होतं ते सगळं पुन्हा सांगितलं, निवडीचे सर, अंग फिरवणं, दवाखाना, बरं वाटणं. एकही गोष्ट गाळली नाही. चाचांचा हात केव्हाच थांबला होता.

"पहिल्या दिवशी बोलला असतास तर?" ते म्हणाले.

"बोलायला पाहिजे व्हतं."

"माझं पोरगं चार महिने घरात बोललं न्हाई. त्याची आई रोज मला विचारायची, ह्याला काय झालं. मी काय सांगू तिला?" दादा मान खाली घालून उभा होता. पाय थरथरत होता, ते मला दिसत होतं. चाचांनाही दिसलं असावं. त्यांनी पायानं स्टूल पुढं ढकललं. दादा बसला. मग चाचांनी विचारलं, "बाप को बोला?"

"न्हाई."

"मग इथं कावून आलास पहिले?"

त्यांनी माफ केलं असं म्हणाले नाहीत. रफिकनं तर त्या दिवशी वळूनही बघितलं नाही, आणि पुढं पंधरा दिवस आमच्याकडं फिरकला नाही. मग एका दुपारी आला, रिमोट उचलला, आणि पहिल्याच मिनिटाला दादाला असा आडवा केला की दादा बाजेवरच "अगं आई" म्हणून ओरडला. पाऊस पडून मैदान मऊ झालं तसा रफिक परत पकडीला कोपऱ्यावर उभा राहायला लागला, आणि दादा काठी घेऊन रेघेबाहेर बसायला. दादा पुढं पंच झाला. दुकान सांभाळून अजून सामन्यांना जातो. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारचं अजून थोडं राहिलंय.

अण्णांचं किराणा दुकान त्याच रस्त्यावर, वीस-पंचवीस पावलांवर होतं. बाजाराचा दिवस नव्हता तरी तीन-चार गिऱ्हाइकं उभी होती. दादाला पायरीवर बघून अण्णांच्या हातातला गुळाचा खडा तसाच राहिला. "तू इथवर आलास?" त्यांच्या तोंडावर आनंद आला होता. तो मला अजून दिसतो, कारण पुढच्या चार वाक्यांत तो गेला. दादानं गिऱ्हाईक पांगायची वाट बघितली नाही. सगळ्यांसमोर बोलला. कुणीतरी मध्येच "असू दे आता" म्हणालं, त्याच्याकडंही त्यानं लक्ष दिलं नाही.

अण्णांनी सगळं ऐकून एकच विचारलं. "मी तिथं व्हरांड्यात बोललो, तवा तू जागा व्हतास?"

"व्हय, अण्णा."

अण्णांनी गूळ पारड्यात ठेवला. हात धोतराला पुसले. मला वाटलं ते दादाला रागावतील, निदान त्याला बसायला सांगतील. ते त्याच्या शेजारून पायरी उतरले. गिऱ्हाईक समोर उभं असताना अण्णा दुकान सोडून गेलेले मी त्याआधी पाहिले नव्हते आणि नंतरही कधी पाहिले नाहीत. मागं एका गिऱ्हाईक बाईनं "अर्धा किलो गूळ तेवढा द्या की" म्हटलं, आणि दादानं गल्ल्याच्या मागं जाऊन तराजू धरला.

मी पायरीवरून बघत होते. अण्णा सावलीच्या कडेनं न जाता रस्त्याच्या मधून चालले होते. दोघातिघांनी हाक मारली, त्यांनी मान वळवली नाही. माझे वडील घराबाहेर कधी उघड्या डोक्यानं दिसले नव्हते, अंत्ययात्रेतसुद्धा नाही. करीमचाचांच्या दुकानाशी पोचल्यावर ते क्षणभर थांबले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, आणि मग वाकून आत गेले. तिथं दोघं काय बोलले ते पुढं दोघांपैकी कुणीही कधी सांगितलं नाही.